डिसेंबरपासून उलटं

“आम्ही पडतो,” मानासे म्हणाला आणि थांबला.

“आम्ही उठतो,” मी कॅमेऱ्यामागून पुढचं सांगितलं.

“हां. आम्ही पडतो, आम्ही उठतो, आणि या मोसमात… या मोसमात काय करतो रे आम्ही?”

“या मोसमात आम्ही तुम्हालाही उभं करतो.”

“कुणाला?”

“प्रेक्षकांना.”

“पण ते बसायचे पैसे देतात ना, मेट?”

हा अठरावा टेक होता. जानेवारीतली दुपार, पश्चिम सिडनीत पारा एक्केचाळीसवर. आमच्या क्लबचं प्रतीक असलेला माणसाएवढा पेलिकन पक्षी आपलं डोकं उतरवून, ते मांडीवर घेऊन सावलीत बसला होता. आतल्या घामाघूम माणसाच्या नजरेत माझ्याविषयी फारसं प्रेम नव्हतं. ओळ माझीच होती. तीन महिने खपून, चौदा बैठका करून, एका सल्लागाराला भरपूर कॉफी पाजून मी ती लिहिली होती, आणि तिच्यात अर्थ नाही हे मानासेच्या आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी वेस्ट रिव्हर पेलिकन्स नावाच्या रग्बी लीग क्लबच्या मार्केटिंग विभागात होतो. रग्बी लीग म्हणजे काय, हे मी वाईला फोन करून वडिलांना, म्हणजे अप्पांना, सांगितलं होतं ते असं: तेरा-तेरा जणांची कबड्डी समजा, त्यात एक चेंडू टाका आणि दम धरायची अट काढून घ्या. अप्पांनी विचारलं, “डोक्याला काय घालतात?” मी म्हटलं, “काही नाही.” “आणि तू काय करतोस?” “मी त्याची जाहिरात करतो.” त्यावर अप्पांनी हवापाण्याची चौकशी करून फोन ठेवला.

मानासे हालापुआ आमचा सर्वांत जुना खेळाडू. टोंगाहून आलेल्या आईबापांचा मुलगा, एकतीस वर्षांचा, वजन एकशे बारा किलो. त्याचं काम असं, की चेंडू छातीशी धरून समोरच्या तीन माणसांवर सरळ धावत जायचं, पडायचं, उठायचं, आणि दीड मिनिटाने तेच पुन्हा करायचं. अकरा मोसम तो हे करत होता. म्हणून या वर्षीच्या मोहिमेचा चेहरा तो. हमरस्त्यावर त्याचं चौदा मीटर उंचीचं चित्र लागणार होतं आणि खाली दोन शब्द, ‘पेलिकन उठतो.’

क्लबात मला सगळे ‘विड’ म्हणत. विद्याधर या नावाचं ऑस्ट्रेलियात दुसऱ्याच दिवशी एवढं उरलं. पूर्ण नाव घेणारा मानासे एकटाच. पहिल्याच भेटीत त्याने ते चार वेळा म्हणवून घेतलं होतं. “माझ्या आडनावाचा अकरा वर्षं समालोचकांनी चुरा केलाय,” तो म्हणाला होता, “तुझ्या नावाचा मी नाही करणार.”

“मानासे,” मी म्हणालो, “ही ओळ वाचू नकोस. गा.”

“मी चर्चमध्ये गातो. उन्हात नाही.”

मग मी त्याला आमच्या गावची गोष्ट सांगितली. अप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांच्या वर्गात चाळीस पोरं एका सुरात पाढे म्हणायची, डुलत, शेवटचा आकडा लांबवत. सूर जिभेवर बसला की डोक्याला काम उरायचं नाही. अप्पांचा नियम एकच होता. म्हणणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. तोडलं की पोर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, मग तास संपेस्तोवर सत्ताविसाचा पाढा संपत नाही.

मी मराठी तेराचा पाढा म्हणून दाखवला. मानासे तोंड उघडं ठेवून ऐकत होता. पेलिकननेही डोकं खाली ठेवलं. मग त्याच चालीवर मी ओळ म्हटली, ‘आम्ही पडतोऽ, आम्ही उठतोऽ’. विसाव्या टेकला मानासेने ती न अडखळता म्हटली. एकविसाव्याला चाल पुसून टाकली आणि नुसती बोलला. आमचा मार्केटिंगप्रमुख ग्लेन धावत आला. “हेच! ऐकलंत? हे मनातून आलं!”

सामान आवरताना मानासे माझ्याजवळ आला. “विद्याधर, तुझ्या त्या गाण्यात महिने बसतात का?”

“कुठले महिने?”

“बारा. पण उलटे. डिसेंबरपासून. ओफाला शाळेत विचारतात.”

ओफा त्याची आठ वर्षांची मुलगी. मी त्याचा केवढाल्ला पंजा हातात घेतला आणि पेरं मोजायला शिकवली. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाले बारा महिने. करंगळीच्या मुळाशी डिसेंबर. अंगठा सरकत जातो, महिना मागे जातो, तर्जनीच्या टोकाला जानेवारी.

“तुमच्याकडे हातावर कॅलेंडर असतं?” त्याने अंगठा फिरवत विचारलं.

“आमच्याकडे कॅल्क्युलेटर उशिरा आला.”

तो मोठ्याने हसला. माझ्या शिकवण्यावर आजवर कुणी एवढं खूश झालेलं नव्हतं. मी हरखलो होतो, हे कबूल करायला हवं.

मार्चमध्ये मोसम सुरू झाला. खेळ आठवड्यातून ऐंशी मिनिटांचा असतो, उरलेला वेळ मार्केटिंगचा. दर सामन्याला काहीतरी निमित्त लागतं. जुन्या जर्सीची फेरी झाली, आजीआजोबांची फेरी झाली, श्वान फेरी झाली. श्वान फेरीत कुत्र्यांना प्रवेश मोफत होता, माणसांना नव्हता. सदस्यत्वाच्या पाकिटात टोपी, मफलर आणि गाडीला लावायचं स्टिकर असायचं. त्या मोसमात स्टिकरवर पेलिकनचा एक पाय छापायचा राहिला. ग्लेनने फर्मान काढलं, की तो पाय हवेत आहे, कारण तो उठतो आहे.

दर गुरुवारी मानासे माझ्या टेबलाशी यायचा. “विद्याधर, या आठवड्याची ओळ?”

मुलाखतीत गडबडायला होतं, असं तो म्हणायचा. म्हणून मी त्याला ओळ बांधून द्यायचो. सामना कुठल्या मैदानावर, समोर कोण, गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो, किती फरकाने जिंकलो की हरलो. सगळं चालीत. तो टेबलाच्या कडेवर बोटं आपटत चार वेळा म्हणायचा आणि जायचा. ग्लेन इतरांना सांगायचा, “मानासेकडून शिका. पोरगा कसा तयारीने येतो बघा.”

ऑगस्टमध्ये क्लबचा कुटुंब मेळावा झाला. मुलांचे चेहरे रंगवणं चालू होतं, त्यामुळे जिकडेतिकडे छोटे पेलिकन हिंडत होते. मानासेची बायको लेसिएली मला शोधत आली. ती वृद्धाश्रमात परिचारिका होती. इंग्रजीत तू-तुम्हीचा प्रश्न येत नाही, पण तिच्याशी झालेलं बोलणं मराठीत आठवताना ‘तुम्ही’च येतं.

“तुम्ही विद्याधर ना? घरी रोज नाव असतं तुमचं.” ती बाकावर बसली. “एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा ना.”

“कामावर तो विसरतो का?”

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, “गेल्या महिन्यात ओफाला आणायला गेला आणि तिच्या जुन्या शाळेसमोर गाडी लावून बसला. दोन वर्षांपूर्वीच्या शाळेसमोर. विचारलं तर म्हणाला, रस्त्यात गर्दी होती. माझी दिवसभराची नोकरी विसरलेल्या माणसांना भरवायची आहे. त्यामुळे मला घरात उगाच तेच दिसतं, का ते खरंच तसं आहे, हे मला कळेनासं झालंय. तुम्ही त्याला दर आठवड्याला भेटता. तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी त्याला उद्या खेळातून बाहेर काढते. तो मला नाही म्हणणार नाही.”

मी हसलो. अगदी मनापासून. “लेसिएली, अहो, क्लबात सगळ्यांत जास्त पाठ त्याचं असतं. गेल्या आठवड्याचा गुणफलक मला आठवत नाही, त्याला आठवतो.”

तिने डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. “थँक्यू,” म्हणाली. मग तिने मला घरी केलेला नारळाचा पाव दिला. तो मी खाल्ला.

साखळीचा शेवटचा सामना सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीनला, आमच्याच मैदानावर होता. मानासेचा एकशे नव्व्याण्णवावा. पुढच्या शनिवारी बाद फेरी, म्हणजे दोनशेवा. दोनशे सामने ही लीगमधली मोठी गोष्ट. त्या दिवशी खेळाडू आपल्या मुलांचा हात धरून, कागदी पडदा फाडून मैदानात येतो. दोनशे आकड्याच्या जर्सी आम्ही आधीच छापून ठेवल्या होत्या. ओफा घरात महिनाभर पडदा फाडायचा सराव करत होती, वर्तमानपत्रांवर.

बावन्नाव्या मिनिटाला समोरच्याचा गुडघा मानासेच्या कानामागे बसला. तो पडला. एकोणीस हजार माणसं एका सुरात ओरडू लागली, “उठ-तो! उठ-तो!” घोषणा माझी. माणसांच्या तोंडी आपली ओळ ऐकणं हे आमच्या धंद्यातलं परमसुख. मानासे उठला आणि चालत चालत प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यांच्यातल्या एकाने त्याला खांद्याला धरून हळूच वळवलं. प्रेक्षक हसले. मीही हसलो असेन.

नियमाप्रमाणे त्याला डोक्याच्या तपासणीला आत आणलं. पंधरा मिनिटं असतात. तपासणीत पास झाला तर परत मैदानात, नाहीतर बाहेर. खोलीच्या दाराला काच होती. आत कॅमेरा न्यायला बंदी. माझं काम दाराबाहेर उभं राहून तो परत जातानाचं चित्रण करायचं.

“बाहेर आला की चेहरा सोडू नकोस,” ग्लेन माझ्या कानाशी म्हणाला. “आपला अख्खा मोसम या एका शॉटमध्ये आहे.”

कुणीतरी बर्फ घेऊन आत गेलं आणि दार किलकिलं राहिलं. क्लबच्या डॉक्टर फिओना त्याच्यासमोर बसल्या होत्या.

“मानासे, आपण कुठल्या मैदानावर आहोत?”

“आपल्याच मैदानावर, समोर हार्बर हॉर्नेट्स, गेल्या शनिवारी न्यूपोर्टशी, बारा-अठराने हरलो.”

फिओना हसल्या. “एवढं मी विचारलंच नव्हतं. पण हे पुढचे तिन्ही प्रश्न झाले.”

मी गुरुवारी बांधून दिलेली ओळ होती ती. शब्दन् शब्द.

“आता महिने सांग. डिसेंबरपासून उलटे.”

मी काचेतून पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर होता. अंगठा करंगळीच्या मुळाशी गेला आणि सरकू लागला. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. फिओना त्याच्या डोळ्यांत बघत होत्या. आणि हाताकडे पाहिलं असतं तरी त्यांना काय दिसलं असतं? अंगठा चुळबुळतोय, एवढंच. पेरांवर मोजणारा त्या इमारतीत मी एकटा होतो. जानेवारी तर्जनीच्या टोकावर आला.

“छान,” फिओना म्हणाल्या. तोल सांभाळून दाखवायला सांगितलं, तो त्याने सांभाळला.

ओफाच्या शाळेत उलटे महिने कुणी विचारत नव्हतं. गुरुवारच्या ओळी मुलाखतीसाठी नव्हत्या. मार्चपासून मी इमानदारीत, फुकट, कॉपी पुरवत होतो. आणि ज्या एकमेव माणसाने मला नीट विचारलं होतं, तिला मी हसून उत्तर दिलं होतं.

दार ढकलायला मी हात पुढे केला. हातात कॅमेरा होता. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि मानासे धावत बाहेर आला. मी त्याचा चेहरा सोडला नाही. तो व्हिडिओ आठ लाख लोकांनी पाहिला.

रविवारी सकाळी माझी बायको शलाका धिरडी घालत होती. मी तिला सगळं सांगितलं.

“मग? डॉक्टरला सांगितलंस?” तिने तव्यावरची नजर न काढता विचारलं.

“सोमवारी आधी मानासेशी बोलतो.”

“सोमवारी काय मुहूर्त आहे?”

“अगं, त्याचा दोनशेवा सामना आहे. त्याचं करिअर आहे. असं तडकाफडकी…”

“आणि तुझा व्हिडिओ आहे.”

“तो विषय वेगळा.”

“विद्याधर, माणूस परत एकदा आपटला तर?” तिने धिरडं उलटलं. “नाही, म्हणजे तुमच्या जाहिरातीत बसेल ते. उठेलच तो.”

सोमवारी मानासे सरावानंतर बर्फाच्या पाण्यात बसला होता. त्यासाठी आमच्याकडे कचऱ्याचे मोठे हिरवे डबे वापरत. त्याचं फक्त डोकं बाहेर होतं.

“महिने ओफाला नको होते,” मी म्हणालो.

त्याने बर्फाचे तुकडे बाजूला सारले. मग म्हणाला, “तिला तर सुलटेही येतात, उलटेही येतात. हुशार आहे पोरगी. आईवर गेलीय.”

“किती दिवसांपासून?”

“दोन मोसम. आधी शब्द जायचे. मग रस्ते.” त्याने वर पाहिलं. “तुला मुलगा आहे ना? तो कधी तुझ्या कामावर आला?”

“एकदा. प्रिंटर बिघडवून गेला.”

“ओफाला वीस हजार लोकांसमोर माझा हात धरून यायचंय. ते तिला आठवेल. मला नाही आठवलं तरी तिला आठवेल, आणि ती मला सांगेल. कळतंय का तुला? एक शनिवार. मग मी स्वतः फिओनाकडे जातो. शप्पथ.”

“हात धरून ये आणि लगेच बाहेर बस.”

“मग तो सामना धरत नाहीत, मेट. नियम तुला माहीत आहेत. तूच जाहिरात केलीस.”

माझं काही न बोलणं म्हणजे होकार, हे त्याला बरोबर कळलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी तो नेहमीप्रमाणे माझ्या टेबलाशी आला. खाली वाकून, हळू आवाजात म्हणाला, “या आठवड्याची ओळ?”

आणि मी ती दिली. या गोष्टीतली सांगायला सगळ्यांत अवघड ओळ हीच आहे, म्हणून आडवळण न घेता सांगतो. मला सगळं माहीत होतं आणि मी ती बांधून दिली. नेहमीपेक्षा चाल जरा सोपी केली.

शनिवारी ओफाने पडदा असा फाडला, की पडद्यावरच्या पेलिकनचं मुंडकं तिच्या केसांत अडकलं. मानासेने तिचा हात धरला होता. एकोणतीस किलोची पोर आणि एकशे बारा किलोचा बाप. तिने मध्येच थांबून त्याला मैदानाची कुठली बाजू आपली ते दाखवलं. लोकांना ते गोड वाटलं.

एकतिसाव्या मिनिटाला तो धावत गेला. या वेळी फार जोरात काही लागलं नाही, साधा खांदा. पण तो ज्या पद्धतीने पडला, ते बघून “उठ-तो” म्हणायला लोकांनी नेहमीपेक्षा उशीर केला.

पुन्हा तीच खोली, तेच दार. लेसिएली ओफाला घेऊन गॅलरीतून खाली आली होती. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही, कारण उत्तर तिला मी ऑगस्टमध्येच दिलं होतं.

आतून आवाज आला, “आज लेकसाइड लायन्स, गेल्या शनिवारी हॉर्नेट्स, वीस-आठने जिंकलो.”

“गुड. आता महिने.”

मी कॅमेरा ग्लेनच्या हातात दिला आणि दार ढकललं.

“डॉक्टर, त्याचे हात धरा आणि मग विचारा.”

“विड, तुला इथे यायची…”

“दोन्ही हात धरा. फक्त एवढंच करा.”

“विद्याधर,” मानासे अगदी शांतपणे म्हणाला, “बाहेर जा.”

फिओनांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी त्याचे दोन्ही पंजे आपल्या मुठीत घेतले, म्हणजे जेवढे मावले तेवढे. “सांग.”

“डिसेंबर,” तो म्हणाला. “नोव्हेंबर. ऑक्टोबर.”

फिओनांच्या मुठीत त्याचा अंगठा वळवळताना मला दिसत होता.

“डिसेंबर,” त्याने पुन्हा सुरू केलं. “नोव्हेंबर. ऑक्टोबर.” कपाळावरून घाम नाकावर आला. “डिसेंबर…”

“सप्टेंबर, डॅड,” दारातून ओफा म्हणाली. “आत्ता चालू आहे तो.”

फिओनांनी त्याचे हात सोडले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. एवढंच. त्यानंतर मानासे हालापुआ व्यावसायिक सामना खेळला नाही.

लेसिएलीने ओफाला जवळ ओढून घेतलं. मग मला विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

खोटं बोलायची संधी होती. आज, असं म्हणता आलं असतं, आणि ते कुणालाही पटलं असतं.

“गेल्या शनिवारी,” मी म्हणालो.

तिने बोटांवर मोजलं नाही, पण सात दिवस तिच्या डोळ्यांतून एकेक करून गेलेले मला दिसले. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

आम्ही अठरा-सोळाने हरलो. ग्लेन महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला ते एचआरच्या बाईंना शेजारी बसवून. मी आता एका विमा कंपनीची माहितीपत्रकं लिहितो. त्यात सगळं खरं असतं, फक्त बारीक अक्षरात.

गेल्या वर्षी, म्हणजे त्या गोष्टीला नऊ वर्षं झाल्यावर, शनिवारी सकाळी मी घराला रंग घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. दाराशी कुठल्याशा शाळेच्या मदतीसाठी सॉसेज भाजत होते. ब्रशांच्या रांगेत मागून हाक आली.

“विद्याधर!”

विड नव्हे. पूर्ण नाव, अख्खं. मी वळलो. केस पिकले होते, खांदे होते तसेच होते.

“एकतिसावं मिनिट,” मानासे म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “समोर लेकसाइड लायन्स. आपण सहा-चारने पुढे. माझा दोनशेवा सामना. एकोणपन्नास मिनिटं राहिली होती. तुला एकोणपन्नास मिनिटं गप्प बसता आलं नाही. अठरा-सोळाने हरलो. मी असतो तर हरलो नसतो. तू माणूस नाहीस, विद्याधर, तू कॅमेरा आहेस. आणि तोही भाड्याचा.”

एवढं बोलून तो वळला आणि खिळ्यांच्या रांगेकडे निघून गेला.

मी ब्रश हातात धरून उभा राहिलो. मिनिट बरोबर. गुण बरोबर. प्रतिस्पर्धी बरोबर. नावासकट सगळं बरोबर, आणि कुठेही अडखळला नाही. आजवर मला पुष्कळांनी शिव्या दिल्यात, पण अशी आनंदाची शिवी मी खाल्लेली नाही. मी तिथूनच शलाकाला फोन लावला.

“अगं, मानासे भेटला! त्याला सगळं आठवतंय! मिनिटासकट!”

“काय म्हणाला?”

“कॅमेरा म्हणाला. भाड्याचा!”

“अरे वा!” ती म्हणाली. फोनवर तिचा आवाज जरा ओला वाटला. “वेळेवर सांगितलंस म्हणायचं शेवटी.”

मी हलक्या पावलांनी रंगाचे डबे गाडीत ठेवत होतो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच असं वाटलं, की ते सात दिवस कुठेतरी मिटले. पार्किंगच्या टोकाला एक मोठी गाडी उभी होती आणि चालकाच्या जागेवर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी. लेसिएली सामानाची ढकलगाडी घेऊन तिच्याकडे चालली होती. मी हात हलवला. तिने हलवला नाही. ती माझ्या मागे बघत होती.

“विद्याधर!”

मी वळलो. तोच चेहरा. राग अगदी ताजा, जसा काही नऊ वर्षांनी पहिल्यांदाच मी त्याच्या तावडीत सापडलो होतो.

“एकतिसावं मिनिट,” मानासे म्हणाला. “समोर लेकसाइड लायन्स. आपण सहा-चारने पुढे…”

माझी नजर खाली गेली. त्याचा उजवा हात मांडीपाशी होता. अंगठा करंगळीच्या मुळापासून निघाला होता आणि एकेक पेर ओलांडत वर सरकत होता.

लेसिएली ढकलगाडी सोडून दोन पावलं पुढे आली. मी तिला हातानेच तिथे थांबायची खूण केली आणि सरळ उभा राहून ऐकू लागलो. सहा-चार, दोनशेवा, एकोणपन्नास मिनिटं, अठरा-सोळा. ‘भाड्याचा’ हा शब्द तर्जनीच्या टोकावर येईपर्यंत मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. म्हणणाऱ्याला मध्ये तोडलं, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.